कौल आणि कौलनामा

मराठी भाषेत ‘कौल’ या शब्दाला दोन जुने अर्थ आहेत. कोकणात आणि गोमंतकात एखादा पेच सुटेनासा झाला की गावकरी देवळात जाऊन कौल लावतात. जो कौल मिळेल तो मानायचा, अशी रीत आहे. दुसरा अर्थ दप्तरातला. लढाई किंवा दुष्काळ यांमुळे रयत गाव सोडून गेली की सरकार तिला कौल देत असे. ‘निर्धास्त परत या, जमीन कसा, तुम्हांस उपद्रव होणार नाही’ अशा अर्थाचे ते लेखी अभयवचन असे, आणि त्या कागदाला कौलनामा म्हणत. पहिल्या अर्थाचा कौल म्हणजे निर्णय. दुसऱ्या अर्थाचा कौल म्हणजे आश्वासन.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जे मतदान झाले, त्याला मराठी वृत्तपत्रांनी ‘जनमत कौल’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. पुढे २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. पहिल्या मतदानात एका मोठ्या राज्यात सामील व्हावे की नाही हा प्रश्न होता, दुसऱ्यात एका मोठ्या संघात राहावे की नाही हा. दोन्ही ठिकाणी घरे दुभंगली, मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. कोल्हापूरच्या पंचक्रोशीतील आपल्या धर्मग्रामांत मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, तशीच आजरा-चंदगडकडची, घरात कोकणी बोलणारी कुटुंबेही आहेत. काहींचे सोयरसंबंध गोव्यात, तर काहींचे सोयरे विलायतेत. म्हणून या दोन कौलांचा इतिहास आपल्याला परका नाही. तो सांगताना आम्हांला एकच गोष्ट तपासून पाहायची आहे : निर्णयाचा कौल लागल्यावर आश्वासनाचा कौल कोणी, कोणाला आणि कितपत दिला?

जनतेला न विचारता असे निर्णय कसे होत, ते आधी पाहिले पाहिजे. म्हणजे विचारण्याचे मोल कळेल. गोव्याने व्यापारी संघाचा अनुभव फार पूर्वी घेतला होता. डिसेंबर १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. त्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज मुलूख यांच्यामधील जकात उठली आणि जकातीची व्यवस्था इंग्रजांकडे गेली. गोव्याच्या मिठावर इंग्रजांची मक्तेदारी आली, आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. मुरगावचे बंदर आणि तेथून घाटावर चढणारी आगगाडी हेही त्याच तहाचे फळ. रेल्वे सोयीची होती, पण मिठागरांवर पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला. बारा वर्षांची मुदत भरून १८९२ च्या आरंभी तह संपला आणि जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली. संघात जाताना मिठागऱ्याला कोणी विचारले नव्हते, आणि बाहेर पडतानाही विचारले नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच घरचे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. स्वतंत्र भारतात संस्थानांचे वेगळे अस्तित्व टिकणे शक्य नव्हते, आणि लोकशाहीच्या दृष्टीने ते इष्टही नव्हते. तरीही, ज्या संस्थानाला शाहू महाराजांच्या कारभाराचा वारसा होता, त्याची राजधानी एका दिवसात जिल्ह्याचे ठिकाण झाली. हा बदल करारावरील सहीने घडला. मतपेटी कोणी ठेवली नव्हती. संस्थानचे स्वतःचे उच्च न्यायालय होते, तेही गेले, आणि येथील पक्षकारांना न्यायासाठी मुंबईची वाट धरावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरास मिळण्यासाठी वकिलांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. ते अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. सहीला एक क्षण लागतो. तिने झालेली उणीव भरून यायला शहात्तर वर्षे लागली.

तिसरे उदाहरण शेजारचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि महाराष्ट्राने तो अमान्य केला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि प्रश्न अजून सुटलेला नाही. सही झाली, आयोग झाला, दावाही झाला. सीमाभागातील माणसाला मात्र ‘तुला काय वाटते?’ असे मतपत्रिका हाती देऊन कोणी विचारले नाही.

ज्या वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला, त्याच वर्षाच्या जानेवारीत घाटाखाली, गोव्यात, हा प्रश्न प्रत्यक्ष विचारला गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश बनला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. भाऊसाहेब तथा दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने महाराष्ट्रात विलीन होण्याची भूमिका मांडली होती. डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने स्वतंत्र अस्तित्वाची मांडली. ज्या काँग्रेसच्या राजवटीत गोवा मुक्त झाला, तिला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बांदोडकर मुख्यमंत्री झाले, सिक्वेरा विरोधी पक्षनेते.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आज शांतपणे ऐकले पाहिजे, कारण दोहोंतही तथ्य होते. विलीनीकरणवाद्यांच्या मागे मुख्यतः बहुजन समाज होता. देवळातले कीर्तन, घरातली पोथी, गावातली शाळा हे सारे मराठीत होते. त्यामुळे महाराष्ट्र त्यांना आपले मोठे घर वाटे. शिवाय हा प्रश्न भाकरीचाही होता. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला वाटे की महाराष्ट्रात गेलो तर कूळकायद्याचे संरक्षण लाभेल आणि जुनी उतरंड मोडेल. उलट बाजूस कोकणीचा अभिमान होता. चिमुकला गोवा अवाढव्य राज्याचा एक जिल्हा होऊन बसेल आणि आपले गाऱ्हाणे मुंबईपर्यंत पोहोचणार नाही, ही भीती होती. नोकऱ्या बाहेरच्यांना जातील ही चिंता होती. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला आपला धंदा बुडेल असे भय वाटे. कूळ आणि रेंदेर दोघेही गरीब होते, दोघेही आपल्या चुलीचा विचार करत होते, आणि दोघांची मते विरुद्ध पेट्यांत पडणार होती.

प्रश्न कोणी सोडवायचा, यावरही वाद झाला. विधानसभेत ठराव करावा, असे विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे; बहुमत त्यांचे होते. इतका मोठा निर्णय आमदारांनी परस्पर करू नये, थेट लोकांना विचारावे, हा सिक्वेरांचा आग्रह. तो दिल्लीने मान्य केला. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. सत्तेवर राहून आपल्याच सरकारने हे मतदान घेणे योग्य दिसणार नाही, असा आक्षेप आला तेव्हा बांदोडकरांनी ३ डिसेंबर रोजी मुख्यमंत्रिपद सोडले आणि राष्ट्रपती राजवट आली. दुसरीकडे, मुंबईत व अन्यत्र राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्यावे ही सिक्वेरांची मागणी मान्य झाली नाही, आणि ती न होताही ते रणांगणात उतरले. दोन्ही नेत्यांनी मनाविरुद्ध काहीतरी स्वीकारले, म्हणून कौल शक्य झाला.

मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हावे. दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश राहावा. प्रचार घरोघर गेला. उल्हास बुयांव यांच्या गीतांनी सभा भारल्या. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लढलेले हे पत्र मराठी होते. मराठी वाचणारा माणूस मराठीतूनच महाराष्ट्रात जाण्यास नकार देत होता.

मतदान झाले ८२ टक्क्यांच्या आसपास. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत फुलाचे पारडे जड होते, तर सासष्टीने दोन पानांना भरभरून मते दिली.

या मतदानाविषयी आजही एक समज ऐकू येतो, की ख्रिस्ती मतांमुळे गोवा महाराष्ट्राबाहेर राहिला. बहुसंख्य ख्रिस्ती मतदार विलीनीकरणाच्या विरोधात होते हे खरे. ते लपवण्याचे कारण नाही. परंतु साधा हिशेब करून पाहावा. गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांहून कमी होती, आणि विलीनीकरणाविरुद्ध पडलेली मते चौपन्न टक्के. मतदानाचे प्रमाण सर्व समाजांत सारखे होते आणि एकूण एक ख्रिस्ती मत दोन पानांवर पडले असे क्षणभर धरले, तरी दर चार विरोधी मतांपैकी निदान एक मत हिंदू बांधवांचे ठरते. भेंब्रे, बुयांव, ‘राष्ट्रमत’चे संपादक चंद्रकांत केणी, रवींद्र केळेकर, पुरुषोत्तम काकोडकर ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. ज्या निर्णयात दोन्ही समाजांचा हात आहे तो एकाच समाजाच्या माथी मारणे इतिहासाला धरून नाही. असे समज हळूहळू शेजाऱ्याच्या देशनिष्ठेविषयी शंका बनतात, म्हणून आकडे मांडून ते दूर करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

आणि मराठीचे म्हणाल, तर ती ख्रिस्ती माणसाला कधीच परकी नव्हती. ज्या सासष्टीने दोन पानांना मते दिली, तिथल्याच रायतूरच्या भूमीवर १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ओवीबद्ध मराठीत लिहिलेला तो ग्रंथ आपला ठेवा आहे. त्याच फादर स्टीफन्सनी कोकणीचे व्याकरणही लिहिले. एका धर्मगुरूच्या लेखणीत दोन्ही भाषा सुखाने नांदल्या. भांडण पुढच्यांनी उभे केले.

कौलानंतर काय झाले, हा खरा प्रश्न. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले होते त्यांनीच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्ता दिली. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. आम्हांला या घटनेत गोव्याच्या मतदाराचे मोठे शहाणपण दिसते. ‘महाराष्ट्रात जायचे का?’ या प्रश्नाला त्याने ‘नाही’ म्हटले. ‘कुळाची बाजू कोण घेईल?’ या प्रश्नाला ‘भाऊसाहेब’ म्हटले. एका प्रश्नात हरलेल्या माणसाला त्याने गावाबाहेर काढले नाही. लोकांनी दिलेला हा एक न लिहिलेला कौलनामाच होता.

मात्र सगळ्या जखमा भरल्या असे म्हणता येणार नाही. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. स्वतंत्र राज्याचा तिसरा पर्याय छापलेला नव्हता. तो मिळायला वीस वर्षे गेली. भाषेचा प्रश्नही तसाच राहिला आणि १९८६ च्या डिसेंबरात त्याने हिंसक वळण घेतले, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोवा विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली गेली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. रोमी लिपीत कोकणी लिहिणाऱ्या आपल्या अनेक बांधवांच्या मनात आपली लिपी बाहेर राहिल्याची खंत आहे. तडजोड कोणालाच पुरती रुचली नाही. पण तिने सर्वांना एका छपराखाली ठेवले.

आता ब्रिटनकडे वळू. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला. १९७५ साली तेथे राहावे का, असे विचारले असता ६७ टक्के मतदारांनी होकार दिला. पुढे समुदायाचा संघ झाला. माल, भांडवल आणि माणसे यांना सीमा उरली नाही. कायदे पुष्कळसे सामाईक झाले. एका पक्षाला हे समृद्धीचे दार वाटे. दुसऱ्याला वाटे की आपल्या घरचे नियम दुसऱ्या गावात ठरतात आणि येणाऱ्या माणसांवर आपला ताबा राहिला नाही. गोव्यातील रेंदेर आणि कूळ यांच्या जागी तेथे कोळी, शेतकरी, कारखान्यातला कामगार आणि लंडनमधला नोकरदार उभे होते.

प्रचार कडवट झाला. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ रोजी, संघात राहण्याच्या बाजूच्या खासदार जो कॉक्स यांची भर रस्त्यात हत्या झाली. मतदान ७२ टक्के. बाहेर पडण्याच्या बाजूने सुमारे १ कोटी ७४ लाख, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख, टक्केवारी ५१.९ आणि ४८.१. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते, तरी त्यांनाही बाहेर पडावे लागले.

येथेही मतपत्रिका दोनच शब्द बोलली : राहायचे की जायचे. कसे जायचे, व्यापाराचे काय, आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा नाकी बसवायची काय, हे तिच्यावर नव्हते. १९९८ च्या शांतता करारानंतर त्या सीमेवरून लोक निपाणी-कागलसारखे सहज ये-जा करत होते. म्हणून कौल लागला आणि वाद थांबण्याऐवजी वाढला. पंतप्रधान कॅमेरून पायउतार झाले. थेरेसा मे यांनी केलेला करार संसदेने तीनदा फेटाळला. अखेर बोरिस जॉन्सन यांच्या काळात, ३१ जानेवारी २०२० रोजी, ब्रिटन संघातून बाहेर पडला. निर्णय एका दिवसाचा होता. त्याचा अर्थ लावायला साडेतीन वर्षे लागली.

या दोन कौलांची गाठ एका अनपेक्षित ठिकाणी पडते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवून घेता येते. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समुदायात आहे. त्या पारपत्रावर हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये गेले आणि त्यांतील पुष्कळ विल्टशायर परगण्यातील स्विंडन शहरात स्थिरावले. गोदामांत, कारखान्यांत राबून त्यांनी घरे केली, तेथील चर्चमध्ये कोकणी गायने घुमवली. २०१६ साली त्याच स्विंडनने बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. पोर्तुगीज नागरिक म्हणून आलेल्यांना त्या मतदानात भाग घेता आला नाही. ज्यांच्या राहण्याचा प्रश्न होता त्यांनाच मत नव्हते, हे १९६७ च्या मुंबईकर गोवेकरांसारखेच झाले. मुक्त प्रवेश २०२० च्या अखेरीस संपला. आधीपासून राहणाऱ्यांसाठी ब्रिटिश सरकारने नोंदणीची योजना काढली आणि मुदतीत अर्ज करणाऱ्यांना राहण्याचा हक्क मिळाला. ती योजना म्हणजे आधुनिक काळचा कौलनामा. तिचे मोल ज्यांच्या घरी तो कागद आला त्यांना विचारावे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म याच विल्टशायरमधील बुश्टन गावचा. तेथे तेव्हा कॅथलिक श्रद्धेने राहणे कठीण होते. ते घर सोडून निघाले आणि १५७९ साली गोव्यास पोहोचले. येथील भाषा शिकून ते येथलेच झाले. चारशे वर्षांनी सासष्टीची लेकरे त्यांच्या गावाजवळ पोटासाठी गेली. कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे ठरवणाऱ्या रेषा माणसांच्या आयुष्यापेक्षा किती तोकड्या असतात, ते यावरून कळते.

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? मतभेद होणारच, ते पाप नव्हे. ७ डिसेंबर १९६५ रोजी, गोव्याच्या कौलाच्या जेमतेम वर्षभर आधी, व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी आपले दस्तऐवज प्रसिद्ध केले. प्रामाणिक श्रद्धावंत ऐहिक प्रश्नांवर वेगवेगळ्या निष्कर्षांना येऊ शकतात, आणि अशा वेळी कोणीही केवळ आपल्याच मताला ख्रिस्तसभेचा अधिकार चिकटवू नये, हा तिचा आशय आहे. तो आम्हां धर्मगुरूंना जितका लागू आहे तितकाच प्रापंचिकांना. ग्रामपंचायत असो, सहकारी साखर कारखाना असो वा विधानसभा, मत ज्याचे त्याने विवेकाने द्यावे. वेदीवरून ते मागितले जाऊ नये आणि मतावरून कोणाच्या भक्तीचे मोजमाप होऊ नये.

शुभवर्तमानातील शास्त्र्याने प्रभूला विचारले होते की माझा शेजारी कोण. उत्तरादाखल प्रभूने जो शोमरोनी उभा केला, तो त्या काळी दुसऱ्या बाजूचा माणूस होता. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी हा प्रश्न प्रत्येक गावात नव्याने उभा राहतो. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या दारी जाऊन त्याचा धंदा, त्याची भाषा, त्याची लिपी सुरक्षित राहील असे सांगावे. हरणाऱ्याने निकाल मानावा आणि आपले म्हणणे सभ्यपणे मांडत राहावे. मतपेटीतून निर्णय मिळतो. कौलनामा मात्र शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला द्यावा लागतो, आणि त्यावर सही करण्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहावी लागत नाही.